गुडघाभर बांध आणि शेळक्याची जीप

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. 'नव्हता' म्हणत नाहीये मी... नाहीच. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली घरातले देव टोपलीत भरून ओढ्याला सोडले, आणि त्यांच्याबरोबर मुंजे, हडळी, उतारे, अंगात येणं, सगळा संसार पाण्यात गेला. जिथे देवालाच घरात जागा नाही तिथे भुताला कोण विचारतो?

दुसरी गोष्ट. मी थापाड्या आहे. बदलापूरच्या स्टँडवर कुठल्याही टमटमवाल्याला विचारा. संज्या म्हणाला पाऊस पडतोय तर आधी हात बाहेर काढून बघायचं, असं माझ्या तोंडावर बोलतात. एकदा मी टमटममध्ये बसवून गाभण म्हैस नेली, असं गेली कित्येक वर्षं मी सांगतोय. म्हैस नव्हती, रेडकू होतं. तेव्हा या अनुभवातही थोडं मीठ असणार. पण कुठे आहे ते सांगून ठेवतो... जिथे तुम्हाला हसू येईल तिथे आहे. जिथे हसू येणार नाही तिथे मी एक दाणासुद्धा टाकलेला नाही.

आणि मागे इथे एका ताईंनी त्यांचा अनुभव लिहिला तेव्हा खाली "किती झाली होती?" असं विचारणारे जे महाभाग होते, त्यांनी कृपया इथेच उतरावं. भाडं परत मिळणार नाही.

तर... बदलापूर गावातून बारवीचा रस्ता धरला की पुढे डाव्या हाताला एक फाटा लागतो. फाट्यावर चिंच, चिंचेखाली चहाची टपरी. आत गेलं की हेदवाडी. (नाव बदललंय. उगाच फिरायला याल आणि कचरा टाकून जाल.) रस्ता असा की समोरून म्हैस आली तर टमटमने मागे जायचं, कारण म्हैस जात नाही. रस्त्याच्या एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला हापशी. आमचं घर अगदी रस्त्याला लागून, पडवीतून पाय खाली टाकला की डांबरावर. आणि गावाच्या पुढे, रस्ता जिथे संपतो तिथे, दगडाची खदान.

मोठा पूर येऊन गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. बदलापुरात तेव्हा बिल्डिंगी अशा उगवत होत्या की सकाळी दात घासायला गॅलरीत यावं तर समोर कालपर्यंत नसलेली गॅलरी, आणि तिच्यात दुसरा माणूस दात घासतोय. हे सगळं उभं राहायला खडी पाहिजे. खडी कुठून येणार? आमची टेकडी फोडून. तोवर दिवसातून थोडे डंपर जायचे, धूळ उडवायचे, आम्ही शिव्या घालायचो, ते हॉर्न घालायचे. पण आता खदान वाढवायची ठरली. अख्खी टेकडी घ्यायची. म्हणजे डंपरची आगगाडीच, डब्याला डबा जोडून.

माझ्या आईला एका कानाने ऐकू येत नाही, आणि डंपर उतरायचे नेमके त्याच बाजूने. दिवसातून दहा वेळा ती रस्ता ओलांडून हापशीवर जायची. त्या दिवाळीत एक डंपर तिच्या इतक्या जवळून गेला की आई वाचली आणि हंडा गेला. हंड्याची पार भाकरी झाली. मी ती भाकरी घेऊन खदानीच्या ऑफिसात गेलो. तिथे मॅनेजर शेळके. पांढरे बूट, काळा गॉगल, आणि खदानीची जीप स्वतःच्या बापाने हुंड्यात घेतल्यासारखी मिरवणारा.

"नवीन हंडा पाठवतो," शेळके म्हणाला. "आणि मावशींना सांग, कानातला मळ काढून घे म्हणावं."

"डंपर हळू चालवायला सांगा."

"हळू चालवून खडी काय चालत जाईल का रे हिरो? आता तर खदान वाढणार. तुझ्या आईला सांग, नळ घे घरात."

"नळ तुझा बाप आणणार का वाडीत?"

त्यावर तो उठला, मी उठलो, मधे टेबल होतं म्हणून दोघांची अब्रू राहिली.

आता, खदान वाढवायची तर सरकारला दाखवावं लागतं की बाबांनो, हा रस्ता एवढे डंपर सोसेल. त्यासाठी ठाण्याहून एक साहेब येणार होते, रस्त्यावरची वाहतूक मोजायला. अभ्यंकर साहेब. फाट्यावर दिवसभर खुर्ची टाकून बसणार आणि येईल-जाईल ते हातातल्या यंत्रावर टिकटिक करून मोजणार. हे कळल्यावर माझं डोकं चाललं. गावात एवढं चालणारं दुसरं डोकं नव्हतं, आणि हे मी गर्वाने सांगत नाहीये... नंतर बघालच.

मी सगळ्यांना पडवीत जमवलं. म्हटलं, "साहेबाला दाखवायचं की रस्ता आधीच फुल आहे. मुंगीला जागा नाही. डंपर घालणार कुठे? खेळ खलास!"

"आपल्याकडं हाय काय दाखवाया?" बाळारामकाका म्हणाले. "एक तुजी टमटम, एक माजी बैलगाडी, दोन फटफट्या न् सायकली."

"तेवढं पुरे. फाट्यावरून बाहेर पडायचं, मोठ्या रस्त्याला थोडं पुढे जायचं, आणि टेकडीमागच्या गाडीवाटेने गुपचूप परत वाडीत. टोप्या बदलायच्या, परत बाहेर."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं आता हार घालतात. फक्त आई म्हणाली, "तुझा बाप असता तर पहिली तुझी टोपी उतरवली असती."

पण काय सांगू तुम्हाला तो दिवस! एकाच सायकलवर अख्खं गाव गेलं. बाळारामकाकांची गाडी आधी पेंढा घेऊन गेली, मग शेण घेऊन, मग वरात घेऊन... त्यांच्या सुनेला लग्नाचा शालू परत नेसवून बसवलं होतं आणि ती खरंच लाजत होती, लग्नाला सहा वर्षं झाली तरी. माझी टमटम कधी ताडपत्री लावून, कधी हार घालून, कधी वर भोंगा बांधून "पोलिओचा डोस, पोलिओचा डोस" ओरडत. आईसुद्धा शेवटी उतरलीच. फाट्यापर्यंत हंडा घेऊन चालत यायची, दर वेळी डोक्यावरचा पदर वेगळ्या रंगाचा. साहेबांचं यंत्र टिकटिक करून तापलं असेल.

साहेबांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर शेळके बसलेला. एका फेरीला त्याने हात करून मला थांबवलं.

"हिरो, मागच्या चाकात हवा कमी आहे."

"असू दे."

"नाही, मगाशी तो पोलिओवाला गेला ना, त्याच्यापण ह्याच चाकात कमी होती." आणि गॉगल खाली सरकवून डोळा मारला.

मला घाम फुटला. ह्याला कळलंय! मग हा साहेबांना सांगत का नाहीये? उलट टपरीवरून आमच्या माणसांना चहा पाठवत होता. मला वाटलं घाबरला.

दुपारी साहेब डबा खायला बसले तेव्हा मी ताक घेऊन गेलो. म्हटलं अंदाज घ्यावा.

"काय साहेब, बघितलंत ना? डंपरला जागाच नाही इथे."

"फारच वाहतूक आहे," अभ्यंकर साहेब म्हणाले. साधा माणूस, चष्मा पुसत पुसत बोलायचा. "एवढ्याशा रस्त्यावर इतका भार म्हणजे अन्यायच. मी तर लिहिणार आहे, हा रस्ता ताबडतोब दुपदरी झाला पाहिजे. दोन्ही बाजूंनी रुंदीकरण."

"दोन्ही बाजूंनी म्हणजे...?"

"म्हणजे त्या बाजूची हापशी काढावी लागेल. आणि या बाजूच्या पडव्या."

शेळके एवढा मोठ्याने हसला की चिंचेवरचे कावळे उडाले. "काय हिरो, दमलात? मारा की अजून एक राऊंड! चहा आहे माझ्याकडून!"

माझ्या पायाखालची जमीन... नाही, ते वाक्य पुढे लागणार आहे. एवढंच सांगतो की सकाळपासून आम्ही सगळं गाव मिळून, घाम गाळून, आमच्याच हापशीच्या मुळाशी कुदळ घालत होतो. रस्ता रुंद झाला की डंपर मोकाट. आणि आई पाण्याला जाणार कुठे?

तेवढ्यात साहेब म्हणाले, "फक्त एक कोडं आहे. डंपर सोडले तर सकाळपासून सगळी वाहनं बाहेरच पडतायत. आत गेलेलं एकही नाही. एवढ्याशा वाडीत ही सगळी मावत होती कुठे?"

शेळक्याचं हसू विझलं. "साहेब, जेवून घ्या की..."

"नाही, ही जातात कुठे ते बघू या. चला, जीप काढा."

मी ताकाचा तांब्या तिथेच टाकून पळालो. साहेबांच्या आधी गाडीवाटेला पोचून सगळ्यांना सांगायचं होतं की फिरणं बंद, घरी बसा. टमटम अशी हाणली की तिला स्वतःला आश्चर्य वाटलं असेल.

आता इथून पुढे मीठ संपलं.

गाडीवाट म्हणजे शेतातून गेलेला मातीचा रुंद बांध. एक गाडी जाईल एवढाच. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. कापणी होऊन गेलेली, नुसती धसकटं. वाट आणि खाचर यांच्यात उंचीचा फरक गुडघाभर. गुडघाभर म्हणजे माझ्या गुडघ्याएवढा, आणि मी काही उंट नाही. टमटम तिथून घसरली तर दोन माणसं उचलून वर घेतात. मी स्वतः घेतलेली आहे.

वळण घेतलं तर पुढे बैलगाडी. मागच्या बाजूला तरट लावलेलं, त्यामुळे हाकणारा दिसत नव्हता, बैलही दिसत नव्हते. गावात बैलगाडी एकच. म्हटलं बाळारामकाका चालले पुढच्या फेरीला.

"काका, थांबा! सगळं उलटं झालंय!"

गाडी चालतच राहिली. मी हॉर्न मारला. "ओ काका! साईड द्या! मला वाडीत जाऊ द्या पुढे!"

काही नाही. मागे लांबून जीपचा आवाज यायला लागलेला. माझं टाळकं सरकलं. "अरे म्हाताऱ्या, कानात बोळे घातलेस का? साईड दे! साईड!"

एक गोष्ट नंतर लक्षात आली. बाळारामकाकांच्या गाडीचं चाक असं कण्हतं की गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. ही गाडी कण्हत नव्हती. घुंगरू नाही, चाक नाही, खूर नाहीत. त्या भर दुपारी आवाज होता तो फक्त माझ्या टमटमचा आणि माझ्या शिव्यांचा.

मग पुढून उत्तर आलं. आवाज म्हाताऱ्याचा होता, पण बाळारामकाकांचा नव्हता. आणि खोल-बिल, घुमणारा वगैरे नव्हता, ते सिनेमात. चिडलेला होता. तोच प्रश्न जन्मभर ऐकून माणूस जसा चिडतो तसा.

"साईड! साईड! कंच्या बाजूला दिऊ? बघ की जरा!"

मी बघितलं.

उजवीकडे खाचर नव्हतं. माझ्या चाकापासून हातभरावर जमीन संपली होती आणि पुढे काही नव्हतं. खाली कापलेला काळा कातळ, टप्प्याटप्प्याने खाली खाली गेलेला, आणि पार तळाला हिरवं पाणी साचलेलं. पाण्याच्या कडेला डंपर. काडेपेटीएवढे. चालत होते, आणि त्यांचा आवाज वर पोचत नव्हता. मी डावीकडे मान वळवली. तिकडेही तेच. मधे फक्त आमची वाट, एका गाडीची, भिंतीसारखी उभी. खालून थंड वारा येत होता आणि त्याला सुरुंगाच्या दारूचा वास होता.

मी ब्रेक दाबला आणि डोळे मिटून घेतले. हात हँडलवर असे चिकटले होते की नंतर एक एक बोट सोडवावं लागलं.

मागे जीपचा हॉर्न वाजला तेव्हा डोळे उघडले. दोन्ही बाजूंना खाचरं. धसकटं. एक बगळा. पण पुढे ती बैलगाडी होतीच, तीही थांबलेली.

"ए हिरो, झोपलास काय?" शेळके जीपमधून ओरडला. जीप तोच चालवत होता, शेजारी साहेब.

"पुढे गाडी आहे. साईड देत नाहीये," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

गाडी त्यांनाही दिसत होती, हे लक्षात घ्या. मला एकट्याला दिसली असती तर मी इथे लिहिलंच नसतं, डॉक्टरकडे गेलो असतो. साहेब उतरले. म्हणाले, "मी विचारतो त्यांना." माझ्या टमटमच्या कडेने अंग चोरून पुढे गेले, बैलगाडीच्या बाजूने बैलांपर्यंत पोचले. वर बघून काहीतरी बोलले. गाडीवाला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. साहेबांनी मान खाली करून डावीकडे बघितलं.

आणि ते खाली बसले. मग ओणवे झाले. चष्मा लावलेला, इस्त्रीच्या पँटमधला तो माणूस चारही हातापायांवर, वाटेच्या अगदी मधोमध, गुडघे घासत मागे आला. तोंड पांढरंफटक. माझ्या टमटममध्ये शिरून त्याने माझा दंड धरला तो सोडेना.

"मागे घ्या," एवढंच म्हणाले. "हळू... हळू मागे घ्या."

"काय म्हणाला तो?"

साहेबांनी मान हलवली.

शेळके जीपमध्ये हसत होता. "साहेब, अहो बांध आहे तो, कडा नाय! काय लहान पोरासारखं रांगताय?" मग बैलगाडीकडे बघून, "ए बुढ्ढे! साईड नही देता? थांब, दाखवतो तुला साईड कशी घेतात!"

डोकं लावलं तर त्याचं बरोबर होतं. सुकलेलं खाचर, जीप खाली उतरवायची, शेतातून पुढे काढायची, परत वर चढवायची. मीही एरवी तेच केलं असतं. साहेब किंचाळले, "नको! शेळके, नको!" शेळक्याने माझ्याकडे बघत एक शिवी सुरू केली आणि स्टेअरिंग उजवीकडे मारलं.

जीप बांधावरून उतरली आणि दिसेनाशी झाली.

गुडघाभर खाली उतरलेली जीप दिसेनाशी होत नाही, हे मलाही माहीत आहे. टप तरी दिसायला पाहिजे. दिसला नाही. शिवीचा आवाज लांब लांब जात बारीक झाला, विहिरीत पडलेल्या माणसाचा होतो तसा. मग काहीच नाही. साहेबांनी माझा दंड धरलेला आणि आम्ही दोघं वाट बघत होतो... कशाची ते दोघांनाही माहीत होतं. मग खूप खालून आवाज आला.

त्यानंतर बघितलं तर जीप तिथेच होती. बांधाच्या खाली, धसकटांमध्ये, हात लांब केला तर लागेल अशी. टप बॉनेटला भेटलेला. इंजिन सीटवर आलेलं. पुढची दोन्ही चाकं दोन दिशांना तोंड करून. जवळच शेळके पडलेला, दोन्ही पाय नको त्या ठिकाणी वळलेले. जिवंत होता. पुढे वाट सरळ वाडीपर्यंत दिसत होती, मोकळी. बैलगाडी नव्हती. तिला जायला दुसरीकडे रस्ताच नाही.

मी आणि साहेबांनी मिळून त्याला उचलून टमटममध्ये घातलं. सांगतो, त्या बांधावरून खाली पाय टाकताना मी आधी हाताने जमीन चाचपली होती. शेळके सगळा रस्ता कण्हत होता, आणि जमेल तेव्हा मला शिव्या देत होता, त्यामुळे तो टिकणार याची खात्री पटली. फाट्यावर आलो तर चिंचेखाली बाळारामकाका. बैल सोडलेले, गाडीचं जू जमिनीला टेकवलेलं, तंबाखू मळत बसलेले.

"काका, तुम्ही गाडीवाटेला होतात ना आत्ता?"

"मी? मी कवाचा हितं हाय. सून बोलली पुरे जाली वरात, तवाच बैल सोडलं." मग त्यांनी आत बघितलं. "अगं बया! ह्याला काय जालं?"

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. त्याने जीप बघितली, बांध बघितला, मग बांधावर उभा राहून खाली उडी मारली. परत वर चढला, परत मारली. "जीप कुठून पडली?" मी म्हटलं, "आत्ता तुम्ही पडलात तिथून." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तू तोच ना रे... म्हशीवाला?" संपला पंचनामा.

अभ्यंकर साहेब परत आले नाहीत. रस्ता दुपदरी झाला नाही, खदान आमच्या बाजूला वाढली नाही. टेकडीच्या पलीकडून खदानवाल्यांनी दुसरा रस्ता काढला. हापशी जागेवर आहे, आई अजून रस्ता ओलांडून जाते, आणि समोरून फार तर माझी टमटम येते. गावात ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. कुणी म्हणालं वाघदेव, कुणी म्हणालं पूर्वी याच टेकडीचा दगड बैलगाडीने वाहणारा कुणी म्हातारा. एक मास्तर म्हणाले उन्हामुळे भास होतो. त्यांना म्हटलं, ऊन जीपलापण लागतं का? मी मात्र छाती फुगवून सांगत फिरायचो की बघा, तो आमच्या बाजूने उभा राहिला. आईने एक दिवस तोडलं.

"तुझ्या बाजूने? तुला दिली का त्यानं साईड?"

मी फडकं घेतलं आणि टमटम पुसायला लागलो.

पुढे दोन-तीन वर्षांनी उल्हासनगरला टमटमची सीट कव्हरं घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर शेळके. काठी हातात, एका पायात जाड तळव्याचा बूट. गॉगल तोच. मला वाटलं आता काठी घालतो डोक्यात. मीही बाह्या सरसावल्या.

"काय हिरो," तो म्हणाला. "खोटारड्या, बस इथे."

बसलो.

"तो बांध केवढा आहे रे?"

"गुडघाभर."

"मीपण जाऊन बघितला, काठी टेकत. गुडघाभरच आहे." त्याने गॉगल काढला. "मी उतरलो आणि तुला आईवरून शिवी घातली. तुला माहितीये, माझी लांब असते. ती पुरी झाली. मग त्या गाडीवाल्याला घातली, तीपण पुरी झाली. मग मला पोरीची आठवण आली. मग घाबरलो. मग ओरडलो. दम संपला, श्वास घेतला, परत ओरडलो. मग आपटलो."

मला बोलता आलं नाही असं माझ्या आयुष्यात दोनदाच झालंय, दोन्ही वेळा याच माणसासमोर.

"खदानीचा शेट परत मागे लागला होता, हेदवाडीच्या बाजूनेच घेऊ म्हणून. मीच नाही म्हटलं. तो म्हणाला, तू लंगडा झालास म्हणून डरतोस, नवीन मॅनेजर पाठवतो. पाठवला. चांगला दांडगा गडी. त्याला त्या बांधावर उभा केला आणि सांगितलं, काय नाय रे, गुडघाभर आहे, उतर खाली."

"मग?"

"अर्धा पाय पुढे टाकला त्यानं." शेळके काठी टेकून उठला. "नाही उतरला."

तेवढं बोलून तो निघून गेला, जाताना मला आणखी एक शिवी देऊन.

मीही त्यानंतर त्या बांधावरून खाली उतरलेलो नाही. टमटम घेऊन तर नाहीच. का, ते विचारू नका. कारण माहीत असतं तर एव्हाना मी ते दहा पट फुगवून तुम्हाला सांगितलं नसतं का?